दाराकडे बघणारा रानबोकड

९ ऑगस्ट, बुधवार

सेंट वेंडेलिनच्या चॅपलला या ऑक्टोबरात तीनशे वर्षं होतात. त्यानिमित्त पुस्तिका निघणार आहे आणि ‘चॅपलमधली कुलचिन्हं’ हे प्रकरण माझ्याकडे आलं आहे. म्हणजे कोणी दिलं नाही, मी घेतलं. चॅपलच्या मंडळातल्या बाकीच्यांना ढालीवरचा बैल आणि खाटकाच्या पाटीवरचा बैल यांतला फरक सांगता आला असता तर मी तसदी घेतली नसती.

आज वही घेऊन गेले. दक्षिणेच्या भिंतीत पाच खिडक्या. चार खिडक्यांत एकेक ढाल: बैल, कोल्हा, गरुड, घोडा. चौघांचीही तोंडं डावीकडे, म्हणजे वेदीच्या बाजूला. जसं असायला हवं तसं. पाचवी खिडकी आमची, इंडरबाखांची. ती जुळी आहे, मध्ये दगडी खांब. डाव्या खणात आमची ढाल: पिवळ्यावर तीन हिरव्या टेकड्या, त्यांवर काळा रानबोकड. टेकड्या म्हणजे जन्मभूमी. काळा म्हणजे स्थिर बुद्धी. रानबोकड म्हणजे जिथे दुसऱ्याचा पाय ठरत नाही तिथे ताठ उभा राहणारा.

आणि तो उजवीकडे बघतो आहे. दाराकडे!

घरी येऊन प्रांताचं कुलचिन्हांचं पुस्तक काढलं. त्यात आमचा बोकड बरोबर डावीकडेच बघतो. शेवटच्या पानांवरच्या नियमांत लिहिलं आहे की तोंड फिरवलेला प्राणी ही रणातून पळाल्याची खूण, किंवा अनौरस शाखेची. मी दोनदा वाचलं. कान तापले.

ही काच माझ्या धाकट्या भावाने, अलोईसने, १९७९च्या डागडुजीच्या वेळी दिली. स्वस्तातला कोणी कारागीर गाठला असणार. चव्वेचाळीस वर्षं माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी पहिल्या बाकावर बसते आणि मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, वेळी मागे वळून बघायची सवय शाळेतल्या सिस्टरांनी सातव्या वर्षीच मोडली. पण बाकीच्यांनी पाहिलंच असेल. मनात हसलेही असतील.

उजव्या खणात साधी काच आहे. तिथे अलोईसला बायकोच्या माहेरची ढाल बसवायची होती. ते प्रकरण तेव्हाच मिटलं, त्यात आता शिरायला नको.

१४ ऑगस्ट, सोमवार

अलोईस जाऊन दोन वर्षं झाली. त्याला मूल नाही, मी लग्न केलं नाही. माझ्यामागे इंडरबाख नाव या गावात फक्त त्या काचेवर राहणार. आणि ते पळपुटं राहणार? मला झोप लागेना, म्हणून सकाळीच मेल्कला गाठलं. मेल्क म्हणजे चॅपलची घंटा वाजवणारा, किल्ल्या सांभाळणारा आणि गावातल्या प्रत्येक पत्त्यांच्या डावात हरणारा.

“मेल्क, ती काच उलटी बसवायची. मागची बाजू पुढे. म्हणजे बोकड सरळ होईल.”

“पोस्टमास्तरीणबाई, बोकड सरळच आहे. माणसं वाकडी आहेत.”

“विनोद डावात करा, तिथे गरज आहे. काच गोल आहे, अक्षरं तिच्यावर नाहीत. नावाची पट्टी खाली वेगळी आहे. कडेचं शिसं सैल करायचं, काच फिरवायची. तासाभराचं काम.”

तो किल्ल्यांशी खेळत राहिला. मग म्हणाला, “सेराफिनाला विचारलंत?”

सेराफिना म्हणजे अलोईसची बायको. मी म्हटलं, “ढाल इंडरबाखांची आहे. ती लग्नाने आलेली आहे.”

“हो, पण आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली की.”

“आणि मी जन्मापासून आहे. शनिवारी करा. आलुबुखारचा केक आणते.”

केकचं नाव ऐकून माणूस नरमला. पुरुषांचं एवढंच असतं.

२० ऑगस्ट, रविवार

झालं! बोकड डावीकडे बघतो आहे, वेदीकडे, शिंगं मागे, छाती पुढे. आज मिस्साच्या आधी मुद्दाम मागे वळून बघितलं. सिस्टर आगाथा असत्या तर पट्टी बसली असती. डोळे भरून आले. बाबांची आठवण झाली.

सेराफिना नेहमीप्रमाणे मागे, जुळ्या खिडकीखालच्या बाकाच्या उजव्या टोकाला बसली होती. ती जागा का धरून ठेवते कळत नाही. तिथे दाराची थंडी लागते. मिस्सा सुरू व्हायच्या आधी तिने वर पाहिलं आणि पाहतच राहिली. मला वाटलं, कौतुक करेल. शेवटच्या प्रार्थनेला मी वळले तर बाक रिकामं.

गुडघे दुखत असतील. त्या घरात पायऱ्या फार.

३ सप्टेंबर, रविवार

सलग तिसऱ्या रविवारी सेराफिना जेवायला आली नाही. अलोईस असल्यापासूनचा रिवाज आहे: मिस्सानंतर माझ्याकडे मॅकरोनी-बटाटे, वर खरपूस कांदा, बाजूला सफरचंदाचा गर. मी तिघांचं करायची, आता दोघींचं करते. आज सगळं मांजराने आणि मी संपवलं.

मागच्या आठवड्यात तिलाही केक पाठवला होता, तो डबा संध्याकाळी शेजाऱ्यांच्या हाती परत आला. घासलेला, पुसलेला आणि रिकामा. या खोऱ्यात डबा रिकामा परत करत नाहीत. दोन अंडी टाकतात, चार अक्रोड टाकतात, काही नसेल तर अजमोद्याची काडी टाकतात. इतक्या वर्षांत तिने कधी असं केलं नव्हतं. मला राग आला. शेवटी माहेरची शिकवण, असं मनात आलं. खोटं कशाला लिहू, आलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

तीन दिवस पाऊस, काल गाराही. दक्षिणेचा वारा खोऱ्यातून थेट चॅपलवर आदळतो. प्रकरणाचा मसुदा पूर्ण झाला. आमच्या बोकडावर दीड पान झालं आहे, गरुडावर अर्धं. गरुडवाल्यांना चालेल. त्यांना वाचनाची सवय नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

समारंभाआधी काचा तपासायला ल्युत्सर्न शहरातून काचचित्रकार बाई आली. कोर्नेलिया नाव, पस्तिशीची, दंडावर गोंदण. मी मनात नाक मुरडलं. चारही खिडक्या बघून ती पाचवीशी आली आणि शिडीवरच थांबली.

“ही कोणी फिरवली?”

मेल्कने बुटांकडे पाहिलं. मी म्हटलं, “मी. चुकीची बसवली होती. बोकड उजवीकडे बघत होता.”

“तो उजवीकडेच बघायला हवा होता, बाई.”

“पुस्तकात डावीकडे आहे. पुस्तक माझ्याकडे आहे.”

“पुस्तकात तो एकटा असेल.” तिने उजव्या, साध्या काचेच्या खणावर बोट टेकवलं. “जुळ्या खिडकीत नवराबायकोच्या ढाली शेजारी लावतात. नवऱ्याची डावीकडे, बायकोची उजवीकडे. मग नवऱ्याचा प्राणी तिच्याकडे वळवतात. नाहीतर तिच्याकडे पाठ करून उभा राहील ना? जुना शिष्टाचार आहे. हा पळत नव्हता. बायकोकडे बघत होता.” मग तिने विचारलं, “तिची काच कुठे आहे?”

मेल्क टोपी शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

“आणि दुसरं,” ती म्हणाली, “रंग काचेच्या आतल्या बाजूला असतो. काच फिरवून तुम्ही तो बाहेर, पावसात आणलात. भट्टीत भाजलेला रंग टिकला आहे. पण डोळा भाजलेला नव्हता. कोणीतरी नंतर साध्या रंगाने, हाताने काढला होता. तो गेला.”

मी शिडीखालून वर पाहिलं. बोकडाच्या डोळ्याच्या जागी पिवळी काच होती. आरपार, उजेड येत होता.

२० सप्टेंबर, बुधवार

‘ते प्रकरण तेव्हाच मिटलं.’ नऊ ऑगस्टला मी असं लिहिलं आहे. आपोआप मिटलं असावं असं.

सेराफिना माहेरची श्टोफेल. टोपल्या विणत, छत्र्या दुरुस्त करत गाडीतून गावोगाव फिरणारे लोक. सरकारने कधीतरी त्यांना एका गावाच्या माथी मारलं, तेव्हा कागदावर गाव मिळालं. अलोईसने तिच्याशी लग्न केलं तेव्हा आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मी बोलले, पण काय बोलले ते आठवायला नको. पुढच्या वर्षी त्याने चॅपलसाठी जोडीच्या काचा करून घेतल्या. श्टोफेलांना ढाल नव्हतीच, त्याने नवीन काढून घेतली. आपल्याकडे त्याला बंदी नाही, कोणीही काढून घेऊ शकतो. गावात बोभाटा झाला की टोपली काढली आहे. ढालीवर टोपली!

त्यावर चॅपलच्या मंडळाला एक निनावी पत्र गेलं. ते मी लिहिलं. प्रत ठेवली होती, कारण मी सगळ्याची प्रत ठेवते. आज पोटमाळ्यावरून काढली.

‘आदरणीय मंडळ, ज्यांना स्वतःचा उंबरठा नाही त्यांना ढाल कुठली? आज टोपली आली, उद्या छत्री येईल, परवा कल्हईचं भांडं. आपल्या पूर्वजांची चिन्हं ज्या भिंतीत आहेत तिथे हे सहन करावं का? एक श्रद्धाळू ग्रामस्थ.’

समास आखलेला. अक्षर छापील, ओळखू येऊ नये म्हणून. मी पोस्टात होते. शिक्का मीच मारला आणि दुसऱ्या दिवशी मीच ते पोचवलं.

आठवड्याने काच निघाली. अलोईस त्या रविवारी जेवायला आला, बायकोला घेऊन. दोनदा मॅकरोनी घेतली. मला वाटलं, त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही.

तेव्हा मला आनंद झाला होता. हेही लिहून ठेवते.

२४ सप्टेंबर, रविवार

सेराफिनाकडे गेले. ती गोठ्याबाहेर बसून बकरीचे खूर कापत होती. उठली नाही.

“या वन्सं. बसायला बादली आहे.”

मी बादली उपडी करून बसले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला बादलीवर बसणं सोपं नाही. पण आज खुर्ची मागायचा माझा अधिकार नव्हता.

“मला ठाऊक नव्हतं,” मी म्हटलं. “बोकड का वळलाय ते. शपथ घेऊन सांगते.”

“ते खरं असेल. ठाऊक असतं तर तुम्ही पुस्तिकेत लिहिलं असतं.” तिने बकरीचा दुसरा पाय धरला. “स्थिर गं, बाई, स्थिर. काच काढल्यावर कारागीर म्हणाला होता, बोकड फुकट सरळ करून देतो. अलोईस म्हणाला, राहू दे, बघू दे त्याला. म्हणून मी तिथे बसते. त्या खणाखाली. काच नसली तरी मी होते ना तिथे. त्याला बघायला काहीतरी हवं.”

चव्वेचाळीस वर्षांचे रविवार. आणि मला वाटायचं, तिला दाराची थंडी कळत नाही.

“डोळा भट्टीच्या आधी काढायचा राहून गेला होता,” ती म्हणाली. “पुन्हा भाजायचा तर महिना लागला असता. मग ह्यांनीच काढला. शिडीवर उभे राहून, खुराडं रंगवायच्या रंगाने. शिडी मी धरली होती.”

मी म्हटलं, “सेराफिना, ते पत्र...”

“वन्सं.” तिने कात्री खाली ठेवली. “मंडळाने ते पत्र ह्यांना त्याच संध्याकाळी दाखवलं. कागदाच्या माथ्यावर मधोमध पेन्सिलीने बारीक क्रूस काढलेला होता. ह्यांनी घरी येऊन सांगितलं. म्हणाले, गावात असा क्रूस काढल्याशिवाय एकच बाई कागदाला हात लावत नाही.”

सिस्टर आगाथा. प्रत्येक पान देवाच्या नावाने सुरू करायचं, मुलींनो. किराणाच्या यादीवरसुद्धा मी काढते. या वहीतल्या प्रत्येक पानावर आहे. त्या पत्रावर काढला हे मला आजपर्यंत जाणवलं नव्हतं.

“त्याला माहीत होतं?”

“सगळ्यांना माहीत होतं. मेल्कच्या बापालाही.”

“मग दर रविवारी जेवायला का यायचात?”

“ते म्हणायचे, तिला दुसरं कोण आहे.”

बकरी ओरडली. मला उठता येईना. सेराफिनाने हात दिला, तोही अशा घाईने की जणू माझ्याखालची बादली हवी होती. जाता जाता मी विचारलं, ती काच आहे का, आणि ती उजव्या खणात पुन्हा लावली तर. समारंभाच्या आधी. खर्च मी करीन. फादरांशीही मी बोलीन.

“नको. ती गोठ्याच्या खिडकीत आहे, ह्यांनी बसवलेली. बकऱ्यांना तिची सवय झालीय. तिथून तिला कोणी काढा म्हणत नाही.” मग म्हणाली, “बोकड होता तसा करा. आणि नवा डोळा नका काढू. दुसऱ्या हाताचा डोळा नको मला.”

काच बघता का, असं तिने विचारलं नाही. बघू का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तिका उद्या छापायला जाते. बोकडाचं दीड पान फाडलं. ‘काही कारणाने उजव्या खणातली ढाल काढण्यात आली’ असं लिहिलं. खोडलं. ‘तत्कालीन मतभेदांमुळे’ असं लिहिलं. सरकारी कागदासारखं वाटलं. चांगलं लिहिता येणं हीही एक लबाडीच आहे. सिस्टरांनी ही बाजू शिकवली नव्हती.

शेवटी लिहिलं ते असं: ‘या जुळ्या खिडकीत अलोईस इंडरबाख आणि सेराफिना श्टोफेल यांच्या ढाली होत्या. रानबोकड पत्नीच्या ढालीकडे वळलेला आहे. तिची ढाल, निळ्यावर सोनेरी टोपली, १९७९ साली एका निनावी पत्रावरून काढली गेली. ते पत्र मी लिहिलं होतं. बोकडाचा डोळाही यंदा माझ्यामुळे गेला. वाल्बुर्गा इंडरबाख.’

छापखान्यात न्यायला मेल्ककडे दिलं. त्याने चष्मा लावून वाचलं, काढून पुसला, परत वाचलं.

“पोस्टमास्तरीणबाई, हे छापायचं? तीनशे प्रती आहेत.”

“छापायचं.”

“पण सगळ्यांना माहीतच आहे की.”

“माझ्याकडून माहीत नाही.”

त्याने डोकं खाजवलं. “गरुडवाले म्हणतायत त्यांना अर्धंच पान मिळालं.”

“आता आमच्यापेक्षा जास्त आहे म्हणावं.”

२२ ऑक्टोबर, रविवार

कोर्नेलियाने काच परत फिरवून दिली. रंगाची बाजू आत. बोकड उजवीकडे बघतो. म्हणजे बघत नाही, डोळा नाही. पण मान तशी वळलेली आहे.

चॅपल भरलं होतं. माणसं दारात पुस्तिका घेत होती आणि सरळ सहावं पान उघडत होती, हे मला पहिल्या बाकावरून मागे न वळताही समजलं. कागदाचा आवाज, मग शांतता, मग खोकला. माझ्या पाठीवर इतके डोळे कधी नव्हते. मी वेदीवरच्या सेंट वेंडेलिनच्या मेंढ्या मोजत बसले. सात. पहिल्यापासून सातच आहेत.

सेराफिना आली होती. तिच्या जागी, उजव्या टोकाला.

बाहेर पटांगणात कॉफी आणि त्यात घालायची दारू वाटत होते. कोणी माझ्याशी वाईट वागलं नाही. ते जास्त जड गेलं. कोल्हेवाल्यांच्या म्हातारीने माझा दंड थोपटला, जणू माझ्याकडे कोणी वारलं आहे. मी निघालेच होते, तेवढ्यात सेराफिना पुस्तिका घेऊन समोर आली.

“सहावं पान वाचलं, वन्सं.”

मी कप घट्ट धरला.

“चुकलंय. रंग निळा नाही, हिरवा आहे. आणि टोपली नाहीच आहे ती. तुम्हाला कोणी सांगितलं टोपली?”

मी आठवायला गेले. दूधवाला? आई? खाटकाच्या दुकानात कोणी? आठवेना. आणि तिथेच, कॉफीचा कप हातात धरून, उमगलं की मी ती काच कधी पाहिलेलीच नाही. भिंतीत आठ दिवस होती, मी चॅपलमध्ये पाय ठेवला नव्हता. निषेध म्हणून. पत्र मी ऐकीव गोष्टीवर लिहिलं. आणि परवा कबुलीही ऐकीव गोष्टीवरच लिहिली.

“बघितलीच नव्हती का?” ती म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर राग दिसला. इतकी वर्षं तिला वाटत असणार की मी निदान बघून नापसंत केली होती.

तिने पुस्तिकेची गुंडाळी केली.

“उद्या सकाळी या. नऊच्या आत. नंतर तिकडे ऊन नसतं.”

२३ ऑक्टोबर, सोमवार

सव्वाआठला पोचले. सेराफिना दूध काढत होती. मानेने आत जा म्हणाली.

गोठ्याच्या पूर्वेच्या भिंतीत ताटाएवढी खिडकी आहे. कडेला कोळ्यांची जाळी, काच मात्र रोज पुसलेली. हिरव्या ढालीवर एक पांढरा-काळा धोबी पक्षी. गाईगुरांच्या पायांत बिनधास्त फिरतो तो, हिवाळ्यात दूर जातो आणि न चुकता परत येतो. शेपूट वर. चोच डावीकडे. कोणाची वाट बघतोय ते आता मला कोणी सांगायची गरज नव्हती. डावीकडे गोठ्याची उघडी भिंत होती, तिच्यात एक खिळा आणि खिळ्याला अलोईसची जुनी टोपी.

सुंदर आहे. मला दुसरा शब्द सापडत नाही.

ऊन वर आलं तसा पक्ष्याचा डोळा चमकला. काळा, थोडा जाड, एका बाजूला ओघळलेला. घरच्या रंगाचा, अलोईसच्या हातचा. मी त्या डोळ्यासमोर, डाव्या बाजूला, टोपीच्या पुढ्यात उभी होते, म्हणून तो माझ्याकडेच रोखून बघतो आहे असं वाटलं.

मी बाजूला झाले.